सत्तावीस वर्षांचा थोरला भाऊ

संध्याकाळी हॉस्पिटलातून परतताना ती रोज ज्या सलूनवरून जायची, त्याच्या काचेआड त्या दिवशी तिचा भाऊ बसला होता. गळ्याभोवती पांढरं कापड, डोळे मिटलेले, मान जराशी कललेली, आणि न्हावी त्याच्या कपाळावरची झुलपं दोन बोटांच्या चिमटीत धरून टोकं तेवढी उडवत होता. ती जागच्या जागी थांबली. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळता आदळता राहिला, "बाई, थांबायचं तर कडेला थांबा की," असं म्हणून पुढे गेला. ती कडेला झाली. खरं म्हणजे तो भाऊ होता तो पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग न्हाव्यानं खुर्ची फिरवली आणि भावाचा मुलगा झाला, तिचा स्वतःचा मुलगा. कान त्याचेच होते, तिच्या सासरकडचे, सुपाएवढे. पण केस दादाचे होते. गेले काही महिने मुलगा केस वाढवत होता, कापायला सवड नाही म्हणायचा, आणि तिनंही ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. आज त्या जंगलातून दादा कोरून काढला जात होता. आरशाच्या कोपऱ्यात एक फोटो चिकटवलेला होता आणि न्हावी मध्येच मागे सरकून, डोळे बारीक करून, एकदा फोटोकडे आणि एकदा डोक्याकडे पाहत होता. फोटो तिला रस्त्यावरून दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती. आत जावं, कापड ओढावं आणि विचारावं, हे काय चाललंय, असं तिला वाटलं. दाराच्या मुठीपर्यंत तिचा हात गेलाही. पण आतल्या बाकावर आणखी दोघे बसले होते आणि भिंतीवरच्या रेडिओवर काहीतरी वाजत होतं, आणि तिला एकदम भीती वाटली की आपण आत गेलो आणि तेवढ्यात दादाचंच गाणं लागलं तर? तिनं हात मागे घेतला आणि ती चालू लागली, घराच्या नव्हे, भलत्याच दिशेनं.

तो फोटो सगळ्या शहराला पाठ होता. गाडीच्या मागच्या काचेवर, चहाच्या कपांवर, कॉलेजच्या पोरांच्या छातीवर, दादाच्या नावाच्या चौकातल्या त्या कळकट फलकावर. उजवा हात गालाला टेकलेला, नजर खाली, कपाळावर केस, ओठ किंचित आवळलेले. त्या फोटोवर लोकांनी काय काय लिहिलं होतं! याला आपलं मरण दिसत होतं, असं एकानं लिहिलं होतं. एका बाईनं तर वर्तमानपत्रात अख्खा लेख लिहिला होता की, ही नजर या जगातली नाही. फोटो काढला तेव्हा ती तिथं होती. दादाची दाढ ठणकत होती. आदल्या दिवसापासून गाल सुजला होता, तो हातानं झाकून बसला होता, आणि फोटोवाल्याला म्हणत होता, "लवकर आटप रे बाबा, जीव चाललाय." जीव चाललाय हे त्यानं दाढेबद्दल म्हटलं होतं. त्यानंतर चार दिवसांनी तो दाताच्या डॉक्टरकडे निघाला, दुरुस्तीसाठी रस्त्यावर पसरलेल्या खडीवरून त्याची स्कूटर घसरली आणि तो जागीच गेला. दोन सिनेमांतली गाणी, स्वतःच्या गाण्यांचा एक संग्रह, आणि सत्तावीस वर्षं. लोकांना खडी चालेना. दाढ तर मुळीच चालेना. कुणी म्हणालं तो एका मुलीला भेटायला निघाला होता, कुणी म्हणालं मुद्दामच वेग वाढवला, कुणी म्हणालं त्याला संपवला, आणि एक माणूस अजून दर वर्षी पत्रकारांना सांगायचा की तो मेलेलाच नाही, डोंगरात कुठंतरी राहतो. सुरुवातीला ती सगळ्यांना सांगत सुटायची, अहो, दाढ होती, दाढ. लोक दुखावल्यासारखे पाहायचे, जणू तीच त्याची बदनामी करत होती. पालथ्या घड्यावर पाणी. मग तिनं सांगायचं सोडलं.

रस्त्याच्या कडेला दुकानांचे दिवे लागत होते. ती एका चपलांच्या दुकानासमोर उभी राहिली आणि चपलांकडे बघत राहिली, एकही चप्पल न दिसता. मुलानं का सांगितलं नाही? एवढ्या एका गोष्टीपाशी तिचं मन पुन्हा पुन्हा येऊन धडकत होतं आणि पुन्हा पळत होतं. तळघरातल्या तिच्या एक्स-रे विभागात दिवसभर माणसं येत, ती त्यांची हनुवटी वर करी, खांदे पुढे ढकली, काचेआड जाऊन म्हणे, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. इतक्या वर्षांत तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. छातीचे पिंजरे राहत. आणि हे तिला बरं वाटायचं. चेहऱ्यांचा तिला तिटकारा आला होता, कारण लोक तिच्या चेहऱ्यात नेहमी दुसराच कुणीतरी शोधायचे. गेल्याच आठवड्यात नवीन आलेला तरुण डॉक्टर तिच्या टेबलाशी आला होता. "तुम्ही त्यांच्या बहीण ना?" "हो." "सख्ख्या?" सख्ख्या, म्हणजे किती सख्ख्या, याचा पुरावा हवा असल्यासारखा तो तिच्या नाकाडोळ्यांवरून नजर फिरवत राहिला, आणि शेवटी नाद सोडून म्हणाला, "माझ्या जन्माआधीच गेले ते. पण आमच्या पिढीला फार जवळचे वाटतात." ती म्हणाली, "असं का." त्याला वाटलं असेल, काय ही बाई. तिच्या मनात आलं होतं, तुला जवळचा वाटतो कारण तुला त्यानं कधी पावसात छत्रीशिवाय सोडलेलं नाही. तिची छत्री न विचारता घेऊन जायचा आणि कुठेतरी विसरून यायचा. कुत्र्याला घाबरायचा. शेवटची पोळी ताटात असली की आधी आपण घ्यायचा आणि मग विचारायचा, तुला हवी होती का? हे जवळचं.

आणि तरीही तो तिचा नव्हता. तो गेला त्याच दिवशी लोकांनी तो नेला. तिला त्या दिवसाचा उजेड अजून दिसतो, पांढरा, डोळ्यांत खुपणारा, भर दुपारचा. तिला तेव्हा चौथा महिना होता. शवागाराच्या दारातून ट्रक निघाला तेव्हा आईला पुरुषांनी धरून वर चढवलं आणि ती मागे राहिली, कारण कुणीतरी म्हणालं, हिला या गर्दीत नको, पोटुशी आहे. ट्रकमागोमाग चालू, असं तिला वाटलं होतं. पण रस्ता भरला होता. खिडक्या, झाडं, बसच्या टपांवर माणसं, आणि सगळी त्याचं नाव घेऊन रडत होती, तेही घरात कुणी कधी घेतलं नाही ते बाहेरचं नाव. एका वळणावर पोलिसानं काठी आडवी धरली आणि तो म्हणाला, "मागे व्हा बाई, सगळ्यांनाच बघायचंय." ती म्हणाली, "मी बहीण आहे." तो म्हणाला, "आज सगळ्याच त्याच्या बहिणी आहेत." तो वाईट माणूस नव्हता, कंटाळलेला होता फक्त. तिला एका दुकानाच्या पायऱ्यांवर ढकललं गेलं, तिथं दोन्ही हात पोटावर धरून ती उभी राहिली आणि तिच्या शेजारी एक अनोळखी बाई हंबरडा फोडून रडत होती. रडता रडता तिनं हिच्या खांद्यावर डोकं टेकलं. हिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, कुणाच्याही पाठीवरून फिरवावा तसा. "तुम्ही रडत नाही?" ती बाई थोड्या वेळानं जरा रागानंच म्हणाली, "तुम्हाला त्याची गाणी आवडत नव्हती वाटतं?" ट्रक दूर वळला. तिला फुलांचा एक ढीग दिसला आणि त्या ढिगाशेजारी आईची पाठ. त्या दिवशी रडायचं राहिलं ते राहिलंच. पुढेही दर वर्षी त्या तारखेला लोक घरी यायचे, हार आणि फोटोही आपल्याबरोबर आणायचे, गायचे, त्यांचे आवाज दाटून यायचे, आणि ती स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत राहायची. एक गृहस्थ पहिल्या वर्षापासून येत. त्यांचे केस पांढरे झाले, नंतर दात गेले, नंतर ते काठी टेकत येऊ लागले, आणि दादाचा फोटो मात्र प्रत्येक वर्षी त्यांच्याहून आणखी एक वर्ष लहान होत गेला. आता ते हार घालताना "पोरा" म्हणायचे. तीही त्याच्या वयाच्या कधीच पुढे गेली होती, आता त्याच्या जवळजवळ दुप्पट. तरी मनात त्याला दादाच म्हणायची. सत्तावीस वर्षांच्या पोराला एकावन्न वर्षांच्या बाईनं दादा म्हणायचं, हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं. तिलाच कधीतरी केस विंचरताना वाटायचं.

मुलगा झाला तेव्हा पाहायला आलेल्या बायका म्हणाल्या होत्या, तोच परत आलाय हो. आई तिथंच दुपटी वाळत घालत होती. "परत यायला तो काय बाजारात गेला होता?" आई म्हणाली. आईनं त्या बाळाला कधी दादाच्या हाकेनं हाक मारली नाही, त्याला गाणं शिकवायचा आग्रह धरला नाही, आणि दैवानंही मेहरबानी केली: पोरगा बेसूर निघाला. इतका बेसूर की शाळेच्या प्रार्थनेत बाईंनी त्याला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. तिला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की तिनं त्याला नवी चेंडूफळी आणून दिली. तो यंत्रं उघडू लागला, लिफ्टच्या कंपनीत लागला, उंच इमारतींच्या डोक्यावरच्या खोल्यांत तेलकट हातांनी काम करू लागला, आणि ती निर्धास्त झाली. मग या वर्षी त्यानं सत्ताविशी ओलांडायला घेतली. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, दूरच्या शहरात बदलीवर असलेल्या नवऱ्यालाही नाही. दादा ज्या वयात गेला त्या वयापाशी मुलगा आला होता आणि आता कोणत्यातरी आठवड्यात तो मामाहून मोठा होणार होता. ती त्याच्या मोटरसायकलीच्या आवाजाकडे कान लावून बसायची. उशीर झाला की दोनदा खाली जाऊन रस्ता बघून यायची. हे खूळ आहे, ती स्वतःला सांगायची, वय काय एखादा रोग आहे लागायला? आणि नेमकं याच वेळी यानं ते डोकं करून घ्यावं. तिच्या मनात एक चित्र उमटलं: मुलगा ते केस घेऊन घरात शिरतो, खिडकीशी बसलेली आई मान वळवते, आणि त्याला बघते. आई सत्त्याहत्तर वर्षांची होती. चपलांच्या दुकानदारानं बाहेर येऊन विचारलं, "कुठली दाखवू ताई?" तेव्हा ती जवळजवळ धावतच निघाली. तो पोचायच्या आत घरी पोचायला हवं होतं.

आई खिडकीशीच होती, स्वेटरची उसवलेली बाही मांडीवर घेऊन. "किती धापा टाकतेयस," आई म्हणाली, "जिना धावत चढलीस का?" ती म्हणाली, "आई, तू जरा आतल्या खोलीत पडतेस का?" "का?" "अशीच. थकली असशील." "बसून बसून?" आईनं सुई दिव्यासमोर धरली आणि एका फटक्यात दोरा ओवला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हा तिचा आवडता पराक्रम होता. ती खोलीत उगाच इकडून तिकडे फिरली. दिवा घालवावा का? दारातच त्याला अडवावं का, टोपी घाल म्हणून? भिंतीवर दादाचा फोटो नव्हता. या घरात तो कधीच लावला गेला नाही. आई म्हणायची, बाहेर आहे तेवढा पुरे. तिनं खुर्ची सरकवली, पुन्हा होती तिथं ठेवली. जिन्यात पावलं वाजली आणि किल्ली फिरली.

दारात उभ्या उभ्या त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. "सलूनबाहेर तूच होतीस ना?" तो म्हणाला. "मला वाटलंच. आत का नाही आलीस?"

"तू आधी सांग, हे काय आहे?"

तो बूट काढत, खाली मान घालून सांगू लागला. दादावर सिनेमा निघत होता. निर्मात्याच्या इमारतीची लिफ्ट अडकली होती, ती दुरुस्त करायला हा गेला होता. लिफ्ट उघडली तेव्हा आत दिग्दर्शक होता, आणि तो बाहेर यायच्या ऐवजी याच्या तोंडाकडेच बघत राहिला. गाणी दादाच्याच आवाजात असणार होती, त्यामुळे बेसूरपणाची अडचण नव्हती. "चेहरा पाहिजे म्हणाले फक्त. आणि बसायची पद्धत. ती म्हणे माझ्यात आहेच." त्यानं हसत हसत उजवा हात गालाला लावला आणि नजर खाली घातली. खोलीत क्षणभर दादा बसला.

"दाढ दुखत होती त्याची," ती कर्कश आवाजात म्हणाली.

"माहीत आहे गं. मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, हे बाहेर कुठे बोलू नका."

"मला न विचारता तू हो म्हणालास?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! शंभरदा म्हणाले असते!" तिचा आवाज तिचा तिला ओळखू येईना. "जन्मभर मी त्याची बहीण म्हणून जगले. हॉस्पिटलात, बाजारात, बँकेत. तुला त्यातून वेगळा ठेवला मी. तू लिफ्टवाला म्हणून ओळखला जातोस याचं मला किती... आणि आता तूही त्याचा चेहरा होणार? उद्यापासून तुला कोण म्हणून हाक मारतील ठाऊक आहे?"

"आई, सहा आठवड्यांचं काम आहे."

"त्यात तो मरतो ना?"

मुलानं बूट भिंतीशी सारले. मग म्हणाला, "मरतो म्हणजे... शेवटी अंत्ययात्रा आहे. ट्रक वगैरे. मला पडून राहायचंय नुसतं."

तिनं भिंतीला हात टेकला. एवढीच भीती तिला रस्ताभर वाटत होती, नाव न देता वाटत होती. याच वयाचा, याच केसांचा, आणि फुलांखाली. "नाही," ती म्हणाली. "ते तू करायचं नाहीस. बाकी काय वाटेल ते कर. पण ते नाही."

"डोळे मिटून पडायचं की उघडे ठेवून?" खिडकीकडून प्रश्न आला. दोघांनी वळून पाहिलं. आई सुई स्वेटरात खोचून नातवाकडे पाहत होती. केव्हापासून पाहत होती कोण जाणे.

"मिटून, आजी."

"मग झोप लागू देऊ नकोस. घोरतोस तू. एवढे लोक रडायला आणतील आणि तू आपला लावशील सूर."

मुलगा फसकन हसला. तिला हसू आलं नाही, पण भिंतीवरचा तिचा हात आपोआप खाली आला. आईनं नातवाला बोटानं जवळ बोलावलं. तो जाऊन तिच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि आईनं त्याच्या केसांत हात घातला. ती श्वास रोखून उभी राहिली. आई रडेल, आई त्याला भलत्याच हाकेनं हाक मारेल, आईचं भान सुटेल, आणि मग काय करायचं? आईनं केस मुठीत धरून वजन केल्यासारखे हलवले आणि तोंड वाकडं केलं.

"याला त्याचे केस म्हणतात? त्याचे कुठं एवढे होते? सव्विसाव्या वर्षीच गळायला लागले होते. पुढून तर मैदान झालं होतं. ती झुलपं कपाळावर उगाच नव्हती, खालचं झाकायला होती. रोज सकाळी आरशासमोर अर्धा तास. तुझ्या आईला विचार."

आणि तिला आठवलं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. त्या फोटोनं तिच्याही डोक्यातले खरे केस पुसून टाकले होते. मोरीतल्या जाळीत अडकलेले केस, त्यावरून तिनं त्याला चिडवलेलं, त्यानं तिच्यावर ओला टॉवेल फेकून मारलेला. "तेल लावायचा कसलंतरी," ती म्हणाली, "घाण वास यायचा."

"लावेना का. उपयोग काय झाला? पस्तिशीला साफ टकला झाला."

मुलानं आजीकडे पाहिलं, मग आईकडे. ती म्हणाली, "आई, पस्तिशीला कसा? दादा सत्ताविसाव्या वर्षी..."

"ते लोकांचं," आई म्हणाली आणि तिनं स्वेटर पुन्हा मांडीवर घेतला. "लोकांना तो तिथंच बरा वाटतो. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. मी काय करू तो सत्ताविसाचा घेऊन? मी आई आहे. मला पोरगा पुढे व्हायला हवा होता, मी तो पुढे केला." तिच्या आवाजात काही गुपित सांगत असल्याचा सूर नव्हता, शेजारच्या घरात काय चाललंय ते सांगावं तसं ती सांगत होती. टाके घालता घालता. पुढची दोन-तीन वर्षं त्याचं बरं चाललं, मग गाण्याची तऱ्हा बदलली आणि सिनेमावाल्यांनी बोलावणं सोडलं. लग्न त्यानं केलं, उशिरा, स्वतःच्या मनानं. बायको चांगली होती पण हाच धड वागला नाही. डास मारायच्या औषधाच्या जाहिरातीत गायला. "मला वाईट वाटलं होतं तेव्हा. पण म्हटलं, पोट भरायचं तर लाज कसली?" मग एका शाळेत गाणं शिकवायला लागला. तिथं मात्र रमला. पोट सुटलं, अगदी बापासारखं. पन्नाशीला साखर निघाली. आता गुडघे धरतात. जिना चढून यायचा म्हणजे दोनदा थांबतो.

"तू हे रोज...?" तिनं विचारलं.

"रोज कशाला? मला दुसरी कामं नाहीत? मध्येच कधी आठवण झाली की बघते, काय चाललंय त्याचं." आईनं दोरा दातानं तोडला. "सिनेमा कर रे तू. तुझा तो सिनेमातला कुणी वेगळाच आहे. पडून राहा, उठ, पैसे घे आणि घरी ये. आणि आधी डोकं धुऊन ये, केसांचे तुकडे पडताहेत माझ्या अंगावर."

मुलगा उठला. जाता जाता त्यानं तिच्या खांद्याला हात लावला आणि तो न्हाणीघरात गेला. पाण्याचा आवाज सुरू झाला. ती आईच्या समोर, खाली, जिथं मुलगा बसला होता तिथंच बसली. तिच्या डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी धावत होत्या आणि कुठलीच थांबत नव्हती. टकला, सुटलेल्या पोटाचा, धापा टाकत जिन्यात थांबलेला पंचावन्न वर्षांचा माणूस; तो वर बघतो; त्याचे डोळे तिला ओळखीचे वाटतात. अठ्ठावीस वर्षं या खिडकीत आईनं त्याला म्हातारा करत आणला होता आणि शेजारच्याच खोलीत ती लोकांच्या फोटोवर धुसफुसत बसली होती. तिला आईचा हेवा वाटला. आणि मग, लहानपणी आईच्या गोष्टीत आपलं नाव येतं का हे विचारायची तशी, जराशी लाजत, तिनं विचारलं, "मी कुठे आहे त्यात?"

"कुठे म्हणजे? इथंच. या घरात."

"तसं नाही. माझं आणि त्याचं कसं आहे?"

आईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सांगावं की नाही असा थोडा विचार केला. "तुमचं पटत नाही," ती म्हणाली. "गेल्या वर्षापासून बोलत नाही तुम्ही एकमेकांशी."

"का?"

"तो आला होता. मला घेऊन जायला. म्हणाला, आईला आता माझ्याकडे राहू दे, तू खूप केलंस. तू भडकलीस. दारात उभं करून बोललीस त्याला. म्हणालीस, इतकी वर्षं कुठे होतास?"

न्हाणीघरातलं पाणी चालूच होतं. ती आईच्या हातातल्या स्वेटरच्या बाहीकडे पाहत राहिली. ते वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं. कुणाजवळ नाही, एकटीनंही नाही. पण ते तिचंच होतं, शब्दन् शब्द तिचं. बाबा गेले तेव्हा, आईच्या ऑपरेशनच्या वेळी, दर वर्षी त्या तारखेला कप विसळताना, सिंकवर वाकून, ते तिच्या घशापर्यंत येऊन बसायचं. तिला वाटायचं, तो घसा दाटून येणं आहे. आता तिचे डोळे भरून आले आणि ती ते पुसेना. आईनंही पुसले नाहीत. आई टाका मोजून घेत होती.

"मग तो काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"तो काय म्हणणार? खाली मान घालून उभा राहिला. तुझ्यापुढे त्याचं कधी काही चाललंय?" आईनं बाही उलटी करून शिवण तपासली. "जिन्यापर्यंत गेला, वळून बघितलं, मग उतरला. तेव्हापासून नाही आला. तूच बोल आता आपणहून. मी काय जन्माला पुरणार आहे तुमची भांडणं मिटवायला?"

"मीच का?" ती म्हणाली. नाक ओढत, ओल्या आवाजात, पण ठसक्यात. "दर वेळी मीच का? थोरला तो आहे ना? त्याला काय झालं फोन करायला?"

"तो नाही करायचा. तुला माहीत आहे त्याचा स्वभाव."

"माहीत आहे!" ती म्हणाली, आणि डोळ्यांतलं पाणी गालांवरून वाहत असताना तिला दादाचा राग आला, सणसणीत, मस्तकात जाणारा, धडधाकट माणसाचा येतो तसा.